न फाडलेली पोच

मुक्ताई कन्या प्रशाला, नारायण पेठ, पुणे
सूचना क्र. १
दि. १३ जून २०२५

सर्व पालकांस,

शाळेच्या इमारतीच्या जिन्याला तडे गेल्याचे सुट्टीत लक्षात आले आहे. तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार इमारत दुरुस्तीसाठी बंद ठेवण्यात येत आहे. संस्थेने तातडीने पर्यायी व्यवस्था केली असून सोमवार, दि. १६ जूनपासून शाळा जवळच्याच मंगल कार्यालयात भरेल. पाचवी ते सातवी सकाळी, आठवी ते दहावी दुपारी. दिवाळीनंतर आपण सर्वजण आपल्या इमारतीत परत जाऊ. पालकांनी काळजी करू नये.

खालील पोच फाडून, सही करून वर्गशिक्षिकांकडे द्यावी.

नम्रता खळदकर
मुख्याध्यापिका

- - - - - - - येथे फाडावे - - - - - - -

वरील सूचना वाचली व मान्य आहे.
विद्यार्थिनीचे नाव, इयत्ता:
पालकांची सही:

*

गुंजाळ बाइंडिंग, नारायण पेठ
१८ जून २०२५

मुख्याध्यापिका खळदकर बाई यांस,

दहावी ब मधल्या ऋतुजा गुंजाळची मी आई. सूचना मिळाली. पाकिटावर ‘सौ.’ लिहिलं आहे. ऋतुजाचे वडील जाऊन सहा वर्षं झाली. शाळेच्या रजिस्टरात तशी नोंद आहे. ते रजिस्टर मीच बांधलेलं आहे, त्यामुळे ते उघडतं, एवढं खात्रीने सांगते. उघडून बघावं.

पोच फाडून दिलेली नाही. अख्खा कागद माझ्याकडे ठेवला आहे आणि उत्तर वेगळ्या कागदावर देते आहे. कारण असं की पोचेवर छापलंय ‘वरील सूचना वाचली व मान्य आहे’. ती फाडली की तिच्या वर काय उरतं? हवा. अशी सही केलेली पट्टी खळ लावून मी कशाच्याही खाली चिकटवून देऊ शकते, लग्नपत्रिकेच्यासुद्धा, आणि सांधा तुम्हाला भिंगातून दिसणार नाही. माझे सासरे सांगायचे, सही करायची तर अख्ख्या कागदावर करायची, नाहीतर करायची नाही. मी करत नाही.

शिवाय ही सूचना आहे की परवानगी? कळवायचं असेल तर कळवून झालं. मान्यता कशाला मागता? मी ‘मान्य नाही’ म्हटलं तर तुम्ही जिना चढणार आहात का?

आता विचारायचं ते विचारते. तज्ज्ञ कोण? दुरुस्ती कोण करणार आणि कधी सुरू होणार? आणि ‘दिवाळीनंतर’ म्हणजे कोणत्या दिवाळीनंतर?

भाग्यश्री गुंजाळ

*

२१ जून २०२५

श्रीमती गुंजाळ यांस,

पाकिटावरच्या चुकीबद्दल मनापासून क्षमस्व. रजिस्टर उघडतं. आता मीच उघडून पाहिलं.

पोच ही केवळ सूचना घरी पोचल्याची खूण असते. इतकी वर्षं ती अशीच छापली जाते आणि पालक सही करतात. यंदा संस्थेचे कार्यवाह दिग्विजयराव यांचा आग्रह आहे की पोचपावत्या शंभर टक्के जमा व्हाव्यात. सहाशे अकरा मुलींपैकी सहाशे दहांच्या आल्या आहेत. बाकी एक. ती कोणाची, हे मी आपल्याला सांगायला नको.

आपलं पत्र मी ठेवून घेतलं आहे, परंतु ते पोचेच्या फाइलला लावता येत नाही. त्या फाइलला पट्टीच लागते.

तज्ज्ञ संस्थेने नेमलेले आहेत. दुरुस्ती लवकरच सुरू होईल. दिवाळी यंदाचीच.

नम्रता खळदकर

*

२५ जुलै २०२५

खळदकर बाई यांस,

‘लवकरच’ सुरू होऊन पाच आठवडे झाले. मी रोज दुकानात जाताना शाळेवरून जाते. फाटकाला कुलूप आहे, आत एक कुत्रं झोपलेलं असतं. गवंडी नाही, वाळू नाही, विटेचा तुकडा नाही. कुत्रं तज्ज्ञ असेल तर माझी काही हरकत नाही, त्याचं काम तरी नियमित आहे.

काल तुमचं मंगल कार्यालय बघून आले. आठवीचा वर्ग वधूपक्षाच्या खोलीत, दहावी ब स्टेजवर. फळा नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांना टेकवलाय. मुली सतरंजीवर बसून भूमितीच्या आकृत्या काढतात आणि वर झुंबराखाली ‘शुभ विवाह’ चमकतंय. आपण वरपक्षाच्या खोलीत बसता, असं कळलं. शोभतं.

मागच्या आठवड्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदीकाठचा रस्ता बंद झाला, तेव्हा दुपारची शाळा सोडून दिल्याची सूचना आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. तिलाही पोच होती. काल सुटलेल्या शाळेला आज मान्यता देणारे सहाशे दहा पालक या पेठेत राहतात, याची मला लाज वाटते.

आणि त्याच सूचनेत छापलंय, ‘सर्व सहाशे अकरा पोचपावत्या जमा झाल्याबद्दल पालकांचे आभार’. सहाशे अकरा? मी एकही दिलेली नाही. माझ्याकडे चार सूचना आहेत, चारही तळापर्यंत शाबूत. शाळेत गणित कोण शिकवतं?

भाग्यश्री गुंजाळ

*

२८ जुलै २०२५

श्रीमती गुंजाळ यांस,

आपली पत्रं वाचायला मला आवडतात, असं मी म्हणणार नाही. वाचते मात्र दोनदा. एकदा मुख्याध्यापिका म्हणून आणि एकदा पंख्याखाली शांत बसून.

वरपक्षाच्या खोलीला खिडकी नाही. मोठा आरसा आहे. दिवसभर मी स्वतःसमोर बसलेली असते. शिक्षा म्हणून कोणी दिली असती तर याहून चांगली सुचली नसती.

पाण्याच्या दिवशी निरोप उशिरा गेला, ही माझी चूक. दुरुस्तीबद्दल मी संस्थेला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की कळवीन.

एक विनंती आहे. आपली पत्रं ऋतुजाकडे देऊ नका. आमचे शिपाई दत्तोबा रोज पाचला आपल्या दुकानावरून जातात, त्यांच्याकडे द्यावीत.

नम्रता खळदकर

*

३० जुलै २०२५

बाई,

पत्र दत्तोबांकडे देते आहे. पालकांच्या पत्राची विद्यार्थिनीसमोर लाज वाटत असेल तर पत्र बदलायला सांगायचं नसतं, शाळा बदलायची असते. गणिताच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही, हे लक्षात आलं.

भाग्यश्री गुंजाळ

*

मुक्ताई कन्या प्रशाला
सूचना क्र. ९
दि. १० नोव्हेंबर २०२५

सर्व पालकांस,

तुळशीची लग्ने पार पडली असून मंगल कार्यालयाची आरक्षणे सुरू झाली आहेत. त्यामुळे शनि. दि. २२, मंगळ. दि. २५ व गुरु. दि. २७ नोव्हेंबर या मुहूर्ताच्या दिवशी शाळा भरणार नाही. पुढील मुहूर्त वेळोवेळी कळविण्यात येतील. इमारतीची दुरुस्ती अंतिम टप्प्यात आहे.

खालील पोच फाडून द्यावी.

नम्रता खळदकर
मुख्याध्यापिका

*

१२ नोव्हेंबर २०२५

बाई,

सूचना क्र. ९ मी दुकानात मोठ्याने वाचली. माझ्याकडे काम करणाऱ्या दोन्ही बायका सुई खाली ठेवून हसल्या. मग एकीची मुलगी तुमच्याच शाळेत सातवीत आहे हे तिला आठवलं आणि तिने सुई परत उचलली.

म्हणजे जूनमध्ये, मुहूर्त संपलेले असताना, तुम्ही लग्नाचं कार्यालय बघितलंत, रिकामं दिसलं, आणि वर्षभरासाठी शाळा त्यात नेऊन बसवलीत. चातुर्मास चार महिन्यांचा असतो, हे शाळेत कोणालाच माहीत नव्हतं? पुण्यात? भिंतीवर दिनदर्शिका नव्हती? की तीही जुन्या इमारतीत राहिली?

माझ्या मुलीचं दहावीचं वर्ष पंचांगावर चाललंय. लोकांच्या मुली उजवल्या जाव्यात म्हणून माझ्या मुलीचा भूगोल राहिला. परीक्षा वीस फेब्रुवारीला आहे. तो मुहूर्त बोर्डाने काढलाय, तुमच्या कार्यालयवाल्याला विचारून नाही.

दिवाळी झाली. इमारतीत अजून कुत्रंच आहे. ‘अंतिम टप्प्यात’ आहे ते नक्की काय, तेवढं लिहा. खरं लिहायची सवय नसेल तर कोरा कागद पाठवा, मी समजून घेईन.

भाग्यश्री गुंजाळ

*

१७ नोव्हेंबर २०२५

श्रीमती गुंजाळ,

चातुर्मासाचं आपण लिहिलंत ते खरं आहे. कार्यालय मी निवडलं नव्हतं, पण पाहायला मीच गेले होते. स्वच्छ होतं, पंखे चालू होते, पाण्याचे नळ बारा होते. मी नळ मोजले. महिने मोजायचे मला सुचलं नाही. ही चूक दुसऱ्या कोणाची नाही.

‘अंतिम टप्पा’ हे शब्द मला लिहून आले होते. मी ते उतरवले.

सूचना क्र. ११ सोबत आहे. आपण फाडणार नाही, हे माहीत आहे.

नम्रता खळदकर

सूचना क्र. ११
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सर्व पालकांस,

दि. १ ते ४ डिसेंबर या काळात मंगल कार्यालयाच्या मालकांच्या घरचे लग्न आहे. चाचणी परीक्षा पुढे ढकलता येत नसल्याने त्या चार दिवसांपुरती परीक्षा संस्थेच्या लोणी काळभोर येथील नव्या संकुलात होईल. बस नारायण पेठेतून सकाळी साडेसहाला सुटेल. चार दिवसांनंतर शाळा नेहमीप्रमाणे पेठेत भरेल.

खालील पोच फाडून द्यावी.

*

१९ नोव्हेंबर २०२५

बाई,

नारायण पेठेतली मुलगी भूमितीच्या पेपरला सोलापूर रस्त्यावरून लोणी काळभोरला जाणार, कारण कार्यालयवाल्याच्या घरी वरात आहे. छान. मुलींना अहेर आणायला सांगितलाय का?

ऋतुजाला पाठवते, तिचं नुकसान नको. पोच नेहमीच्या जागी आहे, कागदाच्या तळाशी.

तुम्ही नळ मोजलेत, हे मात्र वाचलं.

भाग्यश्री गुंजाळ

*

१२ जानेवारी २०२६

नम्रता खळदकर यांस,

‘मा.’ लिहायचं होतं. हात वळला नाही.

शनिवारी दत्तोबांनी एक गठ्ठा आणून टेकवला. म्हणाले, “मॅडमनी सांगितलंय, तुमच्याकडंच द्यायचा. घाईचं काम हाय, पण नीट बघून करा.” शाळेचं काम सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे येतं, म्हणून घेतलं. शिवायला बसण्याआधी मी प्रत्येक गठ्ठ्याची पानं लावून बघते. पानं लावताना वाचली जातात.

पहिल्या पानावर शिक्षण खात्याला अर्ज. शाळा नारायण पेठेतून लोणी काळभोरच्या संकुलात ‘कायमस्वरूपी’ हलवण्यास परवानगी मिळावी. जुनी जागा ‘शैक्षणिक वापरास अयोग्य’. सुनावणी २१ जानेवारीला. आणि पुढे सहाशे अकरा पानं. प्रत्येक पानावर वर टाइप केलेलं: ‘शाळेच्या कायमस्वरूपी स्थलांतरास माझी संमती आहे.’ खाली चिकटवलेली पट्टी: ‘वरील सूचना वाचली व मान्य आहे.’ सही.

सूचना अकराच्या पट्ट्या आहेत त्या, काहींनी सहीखाली अठरा-एकोणीस नोव्हेंबरची तारीख टाकलीय. चार दिवसांच्या परीक्षेला दिलेल्या. ज्याने चिकटवल्या त्याला कामसुद्धा येत नाही. खळ जाड लावली, कागद फुगलाय. चोरी करायची तर निदान आमच्यासारख्यांकडून करून घ्यायची.

सातवीतल्या, पाचवीतल्या मुली. यातल्या किती जणींना घरून रोज पहाटे साडेसहाच्या बसने पाठवतील? माझ्याकडच्या बाईने पान बघून एवढंच विचारलं, “म्हणजे पोरीची शाळा सुटली?” ती फुल्यांनी सही करते. तिची फुली तिथे आहे.

आणि पान क्रमांक चारशे सत्तावीस. दहावी ब, ऋतुजा गुंजाळ. पालकांची सही: भाग्यश्री गुंजाळ.

मी वर्षभर एकही पट्टी फाडलेली नाही. अकरा सूचना माझ्या कपाटात अख्ख्या पडल्या आहेत. मग ही सही कोणी केली? जुलैत विचारलं होतं, गणित कोण शिकवतं. आज कळलं. तुम्ही आरशासमोर बसून माझी सही गिरवलीत का? वळण बरं जमलंय. माझ्या पत्रांचा तेवढा तरी उपयोग झाला.

मला वाटायचं, तुम्ही घाबरट आहात. घाबरट माणसाची कीव येते. तुमची येत नाही.

भाग्यश्री गुंजाळ

*

१३ जानेवारी २०२६

श्रीमती गुंजाळ,

आपण लिहिलेलं सगळं मी स्वीकारते, एक ओळ सोडून. ती सही मी केलेली नाही.

आधी फाइलचं सांगते. पोचपावत्या कशासाठी हव्यात हे मला सात जानेवारीला कळलं, दिग्विजयरावांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा. म्हणाले, “मॅडम, प्रत्येक पानावर तुमची सही आणि शिक्का. हडपसरला आपला माणूस आहे, एका दिवसात बाइंडिंग करून देतो.” मी म्हटलं, शाळेची कागदपत्रं पहिल्यापासून गुंजाळांकडे बांधतात, तिथूनच बांधून आणते आणि मग सह्या करते. त्यांना ते विचित्र वाटलं नाही. शाळेच्या पद्धती त्यांना विचित्र वाटत नाहीत, त्या त्यांना दिसतच नाहीत.

पुण्यात बांधणारे पुष्कळ आहेत. वाचून बांधणारं मला एकच माणूस माहीत होतं. चिठ्ठीवर काही लिहायचं धाडस झालं नाही. ‘नीट बघून करा’ एवढं दत्तोबांना सांगितलं. घाबरट आहे, हे आपलं बरोबर आहे.

बाकीच्या सहाशे दहा घरांत सूचनेचा वरचा भाग रद्दीत गेला. शाळेतल्या प्रती संस्थेने ‘एकत्र ठेवायला’ नेल्या. त्या पट्टीच्या वर मुळात काय छापलं होतं, ते दाखवणारा कागद आता फक्त आपल्या कपाटात आहे.

आता सहीचं. हे सांगायचं नव्हतं.

जूनमध्ये संस्थेने शंभर टक्क्यांचा धोशा लावला, तेव्हा मी वर्गशिक्षिकांना सांगितलं की पोच नसेल त्या मुलीला पहिल्या तासाला आत घेऊ नका. हा नियम माझा. ऋतुजा तीन आठवडे पहिला तास कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभी होती, सगळ्यांच्या चपला सोडलेल्या असतात तिथे. पहिला तास गणिताचा असायचा. मी येता-जाता तिला पाहत होते. एकदा विचारलंसुद्धा, “आईने आजही दिली नाही का?” ती म्हणाली, “आईने तुमच्यासाठी पत्र दिलंय.”

नवव्या-दहाव्या जुलैला तिने पोच आणून दिली. वर्गात उरलेल्या प्रतीची असणार. सही पाहिल्याबरोबर मला कळलं. आपलं अक्षर मी ओळखते, वर्षभर त्याचा मार खाल्ला आहे. मी पोच फाइलला लावली आणि ती आत जाऊन बसली. नियम मात्र बाकीच्यांसाठी चालूच ठेवला.

तेव्हापासून दर सूचनेला ती सही करत आली. एका हाताने ती सही आणि दुसऱ्या हाताने आपलं पत्र तिने आणावं, हे बघवेना, म्हणून पत्रं तिच्याकडे देऊ नका म्हटलं होतं.

नम्रता खळदकर

*

१६ जानेवारी २०२६

बाई,

तीन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं तोंड नव्हतं.

ऋतुजाला ओरडायचं ठरवून तिच्यासमोर बसले. तिने मान वर न करता सांगितलं, “आई, तुझं पत्र वाचून बाई गालात हसायच्या. मला वाटायचं, किती भारी लिहिते माझी आई. मग मी बाहेर जाऊन उभी राहायचे.” रडली नाही. मला म्हणाली, “तू सही करणार नाहीस हे मला माहीत होतं. तुला सांगितलं असतं तर तू अजून एक पत्र लिहिलं असतंस.”

लिहिलंच असतं. चांगलं लिहिलं असतं. त्यात चपलांवर एक वाक्य टाकलं असतं आणि वर दुकानात वाचून दाखवलं असतं.

सहाशे दहा जणांची मला लाज वाटत होती. ते सही करून मोकळे झाले आणि त्यांच्या मुली आत बसल्या. माझा कागद अख्खा राहावा म्हणून माझी मुलगी बाहेर उभी राहिली, आणि मी पोळ्या लाटताना तिला विचारायचे, काय म्हणाल्या तुझ्या बाई? ती म्हणायची, काही नाही.

तुमच्या नियमाबद्दल मला काय वाटतं, ते लिहीत नाही. तुम्ही ते माझ्याआधीच लिहिलंय, आणि कमी शब्दांत.

फाइल बांधून झाली आहे. एकही पान काढलेलं नाही, चारशे सत्तावीसही नाही. काढता आलं असतं, कोणाला कळलं नसतं. पण मग माझ्यात आणि त्या जाड खळवाल्यात फरक काय, तर माझी खळ पातळ, एवढाच. सुरुवातीला माझ्याकडच्या अकरा सूचनांच्या झेरॉक्स शिवल्या आहेत, पोचेसकट. अस्सल कागद घेऊन मी सुनावणीला येते आहे. पालक म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

एक भीती आहे. तिथे कोणी चारशे सत्तावीस उघडलं, तर मी काय सांगू? परीक्षेला पाच आठवडे आहेत. मुलीने सही गिरवली असं आईने साहेबांसमोर सांगायचं, की वर्षभर मिरवलेलं सोडून द्यायचं?

तुम्ही पानांवर सह्या करणार आहात का?

भाग्यश्री गुंजाळ

*

२० जानेवारी २०२६

श्रीमती गुंजाळ,

सह्या केल्या नाहीत. आज दुपारी दिग्विजयरावांना तसं सांगितलं. त्यांनी फाइल चाळली, आपल्या अकरा सूचना पाहिल्या, आणि उपटायला गेले. शिलाई निघाली नाही. अभिनंदन. उद्याच्या सुनावणीमुळे दुसरी फाइल करायला वेळ नाही, तीच न्यावी लागेल. मला आजपासून सक्तीची रजा दिली आहे, उद्या मला तिथे येऊ देणार नाहीत.

माझं निवेदन सोबत आहे. पाकीट बंद केलेलं नाही. वाचा आणि अधिकाऱ्यांना द्या. त्यात लिहिलं आहे की पोचपावत्या फक्त सूचना पोचल्याच्या होत्या, आणि त्या मी मुलींना बाहेर उभं करून गोळा केल्या, म्हणून त्यावरच्या कोणत्याही सहीला संमती समजू नये. कोणत्याही. नावं लिहिली नाहीत.

आपण काय सांगावं, हे मी सांगणार नाही. मला तो अधिकार उरलेला नाही.

नम्रता खळदकर

*

२१ जानेवारी २०२६

बाई,

तुम्ही नव्हतात, म्हणून लिहिते.

अधिकारी बाई होत्या, चष्मा कपाळावर. तुमचं निवेदन त्यांनी सावकाश वाचलं. संस्थेचे वकील म्हणाले, रजेवर पाठवलेल्या मुख्याध्यापिकेचा राग आहे हा. मग मी उठून अकरा क्रमांकाची अस्सल सूचना टेबलावर ठेवली. चार दिवसांपुरती, चार दिवसांनंतर पेठेत. बाईंनी ती फाइलमधल्या पट्टीशेजारी धरली. तोच टाइप, तीच तुटक रेघ.

वकिलांनी चारशे सत्तावीस उघडलं. उघडणारच होते. म्हणाले, “ताई, एवढी तक्रार आहे तर ही सही कोणाची?”

ऋतुजा माझ्याशेजारी होती. तिने शाळेचा गणवेश घातला होता, मी नको म्हणत असताना. तिने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

म्हटलं, “माझीच.”

“मग ही पोच तुमच्या कागदाला अजून जोडलेली कशी?”

“दोन प्रती आल्या होत्या. एक फाडून दिली, एक ठेवली. बाइंडर आहे, एक प्रत ठेवतेच. आणि सही माझी असली तरी ती कशाखाली केली ते हे बघा. वर चार दिवस लिहिलंय. तुम्ही त्याच्या वर जन्म चिकटवलात.”

दिग्विजयराव माझ्याकडे बघून हसले. सहाशे दहांमधली आणखी एक, असं ते हसू होतं. मला वाटलं होतं, फार लागेल. लागलं नाही. नुसतं उकडत होतं.

अधिकारी बाईंनी चष्मा खाली घेतला आणि अंगठ्याच्या नखाने एका पानावरची पट्टी खरवडली. ती अलगद सुटून आली. म्हणाल्या, “ही संमती धरता येणार नाही.” लेखी आदेश चार दिवसांत.

बाहेर आल्यावर ऋतुजा म्हणाली, “तू खोटं बोललीस.” म्हटलं, हो. म्हणाली, “वाईट नव्हतं वळण, ना?” वळण खरंच चांगलं आहे. माझ्यापेक्षा.

भाग्यश्री गुंजाळ

*

२७ जानेवारी २०२६

सर्व पालकांस,

मी रजेवर आहे. त्यामुळे ही सूचना शाळेची नाही, माझी आहे, आणि हाताने लिहिली आहे. झेरॉक्स काढून दत्तोबा आपल्या वेळात घरोघर देत आहेत.

शाळा लोणी काळभोरला कायमची हलवण्याची परवानगी मिळालेली नाही. आपली संमती घेतल्याचे जे दाखवले गेले ते ग्राह्य धरलेले नाही. संस्थेला सांगितले आहे की काय ते पालकांची पेठेतच सभा घेऊन विचारा. त्या सभेला प्रत्येकाने यावे. दहावीचे वर्ग परीक्षेपर्यंत शेजारच्या शाळेत दुपारी भरतील. बाकीचे वर्ग तूर्त कार्यालयातच, मुहूर्त सोडून.

आपल्या इमारतीत परत कधी जाऊ, मला माहीत नाही. जाऊ की नाही, हेही माहीत नाही. जिन्याला तडे होते ते मी स्वतः पाहिले. दुरुस्तीचा एकही कागद मी कधी पाहिला नाही. तरीही मी दिवाळी लिहिली, ‘लवकरच’ लिहिलं, ‘अंतिम टप्पा’ लिहिला.

पोच आणली नाही म्हणून ज्या मुलींना पायऱ्यांवर उभं केलं, त्यांची मी माफी मागते. त्यांच्या पालकांची नंतर. आधी त्यांची.

मी परत येईन की नाही, तेही ठरायचं आहे.

नम्रता खळदकर

*

२८ जानेवारी २०२६

बाई,

वर्षातली ही पहिली सूचना मी दुकानात मोठ्याने वाचली नाही. दोन्ही बायकांना एकेक प्रत दिली. जिला वाचता येत नाही तिला तिच्या मुलीने वाचून दाखवली.

अक्षर तुमचं वाईट आहे. पाचवीतल्या मुलीला तुम्ही असं लिहू दिलं नसतंत.

तळाला फाडायला काही नव्हतं, म्हणून अख्ख्या कागदावर सही करून परत पाठवते आहे. एक प्रत ठेवली आहे. या वेळी खरंच.

सही माझी मी केली आहे. शेजारची ऋतुजाची आहे, तिच्या स्वतःच्या नावाची.

भाग्यश्री